अबोलीचं खातं

लेकीचा चेहरा फोटोत फारच लहान दिसत होता. मोठा व्हावा म्हणून विश्वासरावांनी त्यावर दोनदा टिचकी मारली. फोटो होता तेवढाच राहिला आणि त्यावर लाल बदाम उमटला. बदाम म्हणजे फोटो आवडल्याची खूण, आणि ती लेकीच्या फोनवर पोचते, हे ध्यानात येताच त्यांनी घाईघाईनं तो काढून टाकला.

मनासारखं लग्न करून लेक गेली, तेव्हापासून घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. बायकोनं ते मुकाट पाळलं. ॲपला मात्र कोण बजावणार? माणूस ज्यांच्या फोटोंवर रेंगाळतो, त्यांनाच ते आधी पुढे आणतं. त्यामुळे रोज ॲप उघडलं की लेकच समोर.

खातं त्यांनी खोट्या नावानं काढलं होतं. स्वतःच्या फोटोच्या जागी दारातली अबोली ठेवली होती. ते रोप लेकीनंच लावलेलं, एवढं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी निरोप आला. “आबा, फोटो मोठा करायचा तर दोन बोटांनी ताणायचा. हा करून बघा.” खालच्या फोटोत तिच्या मांडीवर तान्हं बाळ होतं.

विश्वासरावांनी दोन बोटं काचेवर टेकवली आणि हळूच फाकवली. बाळाचं नाक थेट आजीचं होतं.

स्वयंपाकघराकडे तोंड करून ते म्हणाले, “अगं, चष्मा घेऊन ये. शर्वरीचं बाळ बघ.”