दोन खुंट्या, चार सायकली

रोसाल्बा पारामोच्या गार पठारावरून उतरली ती कानापर्यंत चिखल माखून आणि एकटीच हसत. नवी टायटॅनियमची सायकल दगडधोंड्यांवरून अशी आली होती की तिच्या हाडांना खबरही लागली नाही. साठीच्या बाईला इतका आनंद शोभतो का, असं कुणी विचारलं असतं, तर तिने घंटी वाजवून त्याला बाजूला केलं असतं.

ओसरीत पाय ठेवला आणि तिचं हसू उतरलं. बेलिसारिओने, तिच्या नवऱ्याने, स्वतःची काळी सायकल खुंटीवरून खाली काढली होती. धुतलेली, साखळीला तेल दिलेलं. आणि सीट चार बोटं खाली केलेली, शेजारच्या यामिलेच्या उंचीला.

घरात खुंट्या दोन आणि सायकली चार. नवी आली की दोन जायच्या, हे आधीच ठरलं होतं, आणि जाणाऱ्या दोन यामिले संध्याकाळी नेणार होती. कुठल्या, एवढंच राहिलं होतं. दुकानदाराने नवीला आजन्म हमी दिली तेव्हा बेलिसारिओने विचारलं होतं, आजन्म म्हणजे कुणाचा जन्म, सायकलचा की आमचा? सगळे हसले होते. रोसाल्बाला ते आत्ता आठवलं.

"ही कशाला काढलीत?" तिने विचारलं. या नोब्सा गावात नवराबायको एकमेकांना अहोजाहोच करतात, भांडतानासुद्धा.

"तुमची नवी राहू दे, तुमची लालही राहू दे. ही जाऊ दे, आणि तुमची ती जुनी लोखंडी."

"ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला चढ बंद केलाय, सायकल नाही."

"आपल्या दारातून चढ नसलेला रस्ता दाखवा मग."

ते खरंच होतं. घर डोंगराच्या कुशीत, पावाला गेलं तरी येताना चढ. मग उतरून हातात धरून आणा, असं ती म्हणाली. त्यावर त्याने असं पाहिलं, की जणू तिने त्याला विजार न घालता चर्चला पाठवलं. या गावात छातीवरचे टाके कुणी लपवत नाही, पण चढावर पाय टेकल्याचं मरेपर्यंत लपवतात. पावाच्या दुकानाबाहेरच्या बाकावरची मंडळी पाय टेकणाऱ्याला नाव ठेवतात, आणि ते नाव नातवंडांपर्यंत पोचतं. त्या बाकावर बसून बेलिसारिओने स्वतः अशी दोन-तीन नावं ठेवली होती.

"रोज ती खुंटीवरून माझ्याकडे बघते," तो म्हणाला. "मला नाही सोसवत."

कुरकुर न करता साधेपणाने म्हणाला, म्हणून तिला ते जास्तच लागलं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने पाना घेतला, काळीची सीट त्याच्या जुन्या खुणेपर्यंत वर ओढली आणि घट्ट आवळली. मग आपली लाल सायकल काढून दाराशी लावली. लाल द्यायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. शेजारी लोखंडी उभी केली.

"या दोन जातील," ती म्हणाली. "आणि पाव संपलेत. चला."

उताराला कुणी नाही म्हणत नाही. बेलिसारिओ पुढे निघाला, ती मागे. पायडल न मारता दोघं सुटले तशी चाकं टिकटिकू लागली, नवीची बारीक, काळीची घोगरी. शेवटच्या वळणावर त्याने ब्रेक सोडले, त्याच्या खांद्यावरची लोकरीची रुआना फुगली, आणि कितीतरी दिवसांनी तिला त्याचं हसणं ऐकू आलं.

पाव घेऊन झाले. समोर घरचा चढ आणि बाजूला तो बाक. बेलिसारिओ सीटवर बसला, दात आवळले, एक पाय पायडलवर ठेवला. बाकावरची मंडळी वळून बघू लागली. रोसाल्बाने त्याचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला आणि ती फार घाबरली. ती त्याच्या पुढे गेली, चार पायडल मारले, आणि सगळ्यांच्या देखत आपल्या नव्याकोऱ्या सायकलवरून उतरली. हँडल धरून चालायला लागली.

"काय हो रोसाल्बाबाई," बाकावरून म्हाताऱ्या उबाल्दोने विचारलं, "एवढ्या किमतीची सायकल, आणि शेवटी पायच कामाला आले?"

"नाव काय ठेवायचं ते ठेवा, उबाल्दो," ती मागे न वळता म्हणाली. "फक्त दोघांना पुरेल असं ठेवा."

ती चालत राहिली. मग तिच्या चाकाच्या बारीक टिकटिकीमागून, पावलांच्या आवाजासोबत, दुसरी, घोगरी टिकटिक हळूहळू चढाला लागली.