न पोचलेलं परिशिष्ट

“परिशिष्ट तीन कुठे आहे?” इंजिनिअर सालेहनी फाइलमधून मान वर केली.

रास अल खैमातल्या त्या हॉलमध्ये दोन देशांचे झेंडे शेजारी शेजारी उभे होते. शांतता कराराखाली समुद्राचं पाणी गोड करण्याचा संयुक्त प्रकल्प ठरला होता, त्यावर अकराला सह्या व्हायच्या होत्या. सालेह अमिराती बाजूचे प्रमुख. कागदपत्रं सांभाळायचं काम एका सल्लागार कंपनीकडे, म्हणजे अपर्णाकडे.

“चेक करते, सर,” म्हणून ती शेजारच्या सहकाऱ्याकडे, यतीनकडे वळली.

“मेल आलं होतं ना?” त्याने विचारलं.

“आठ दिवसांपूर्वी. मी पुढे पाठवायलाच विसरले रे.”

“मग सांगून टाक. अर्धा तास उशीर होईल, एवढंच.”

“वेडा आहेस? आधीच एक वॉर्निंग मिळालीय. नोकरी गेली की व्हिसा खलास. माझ्या केयाचं दहावीचं वर्ष आहे.” तिने ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, “त्यांच्याकडून आलंच नाही म्हणते.”

समोर इस्रायली शिष्टमंडळ बसलं होतं. ते परिशिष्ट तयार करणाऱ्या शोशाना बार-एल, साठी उलटलेल्या जलतज्ज्ञ, चष्मा पुसत होत्या.

“सर, ते आम्हाला मिळालंच नाही,” अपर्णा इंग्रजीत म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा शोशानांकडे वळल्या. त्यांनी लॅपटॉप उघडला. त्यांचं बोट हळूहळू खाली सरकत गेलं आणि थांबलं. पाठवलेलं मेल तारखेसकट तिथे असणार. आता त्या फक्त स्क्रीन फिरवतील.

शोशानांनी लॅपटॉप मिटला.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “पाठवायचं राहिलं.”

त्यांचा तरुण प्रमुख त्यांना हिब्रूत काहीतरी तोडून बोलला. मग सालेहना म्हणाला, “माफ करा. यापुढे समितीत यांच्या जागी दुसरं कोणी येईल.”

शोशानांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“यल्ला, चला, प्रिंट काढा,” सालेह म्हणाले. बाराच्या आत सह्या झाल्या, टाळ्या वाजल्या. फोटोसाठी सगळे उभे राहिले. शोशाना तेवढ्या बाहेर निघून गेल्या.

“वाचलीस,” यतीन पुटपुटला. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

कॅमेऱ्यासमोर अपर्णाला मान वर करवेना. बाईंना मेल सापडलं नसेल. वय झालं, आपणच विसरलो, असं वाटलं असेल त्यांना. तीन वर्षं या प्रकल्पासाठी खपलेली बाई, आणि आपण तिला तिच्याच लोकांसमोर खाली मान घालायला लावली. तिला स्वतःची किळस आली. फोटो अर्धवट सोडून ती बाहेर धावली.

शोशाना कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीशी एकट्याच उभ्या होत्या.

“मॅम, आय लाइड,” अपर्णा रडतच म्हणाली. मेल मिळालं होतं, मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगते, असं ती इंग्रजीत कसंबसं बोलली.

शोशानांनी पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात ठेवला.

“डोळे पूस गो बाय,” अलिबागकडच्या हेलात त्या म्हणाल्या. “तुमचं सगळं ऐकूनच बोलले मी.”