मधलं शून्य

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या मुलाचा फोन नंबर उलटा वाचला तरी तोच येतो. ९७६५०५६७९! परगावी जाताना त्यानेच माझ्याकडून तो घोकून घेतला. नवाने भागा, बाकी शून्य. मधोमध एकटं शून्य आणि दोन्हीकडे तेच आकडे, जणू आरशासमोर बसलेत.

आज गालावर दाढीचा फेस असतानाच मी सलूनभर हे ऐकवलं. वर म्हटलं, "याच नंबरवर रोज तासभर गप्पा होतात आमच्या. पोरगं फोन ठेवूच देत नाही!"

सलूनवाल्याचा वस्तरा गालावरच थांबला.


"काका, हे तर नऊच आकडे झाले. दहा आकडी नंबराला एकटा मधला आकडा असेलच कसा? मग रोज बोलता तरी कोणाशी?"