यादीतलं तिसरं पुस्तक

‘यातलं कुठलं वाचलंत?’ केणे बाईंनी पाच पुस्तकांची यादी टेबलावरून नवसूपुढे सरकवली.

नवसूने यादीकडे पाहिलं. अक्षरं ओळखीची होती, पण ती जुळवत एका ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याला घाम फुटायचा. तिसरीतच शाळा सुटलेली. पुढे भातशेती, वीटभट्टी, आणि गेली सहा वर्षं मुरबाडकडच्या आपल्या पाड्यावरच्या पोरींना खो-खो शिकवणं. पोरी यंदा जिल्ह्याला पोचल्या होत्या. पण ज्याच्याकडे प्रशिक्षकाचा दाखला नाही, त्याला या वर्षापासून मैदानाच्या कडेलाही उभं राहता येणार नव्हतं. दाखल्यासाठी शहापूरला तोंडी परीक्षा, आणि परीक्षेसाठी ही पुस्तकं. खेळाडूंच्या गोष्टी, गाजलेल्या सामन्यांची चिकित्सा.

वाचलीत असं ठोकून द्यायचं, हे त्याने एसटीतच ठरवलं होतं. ऐन वेळी जीभ वळली नाही.

‘मी वाचलं नाय, बाई,’ तो म्हणाला. ‘ऐकलंय.’

शेजारचे तरुण परीक्षक हसले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. संपलं, नवसूला वाटलं. केणे बाई मात्र हसल्या नाहीत. पन्नाशी उलटलेली, कडक बाई. सकाळपासून चौघांना त्यांनी नापास केलं होतं, हे बाहेरच्या बाकावर त्याच्या कानावर आलं होतं. कोणी वाचून दाखवलं, एवढंच त्यांनी विचारलं. बायकोनं, त्याने सांगितलं. जानी दहावी झालेली. दुपारी ओट्यावर वाल सोलता सोलता ती वाचायची आणि पोरी भोवती बसायच्या.

मग तिसऱ्या पुस्तकातला शेवटचा सामना सांगा, बाई म्हणाल्या.

तो सामना छत्तीस वर्षांपूर्वीचा, मुलींच्या अंतिम फेरीचा. दहा सेकंद उरलेले, एकच खेळाडू बाद करायची होती. पाठलाग करणारीने सहाव्या चौकटीत बसलेल्या मुलीला खो दिला आणि ती मुलगी उठलीच नाही. सामना गेला. लेखकाने तिचं नाव दिलं नव्हतं. ‘भान हरपलेली खेळाडू’ एवढंच लिहून सगळा पराभव तिच्या माथी मारला होता. नवसू सांगत होता तसे तरुण परीक्षक मान डोलावत होते. उतारा त्यांना पाठ असावा.

आता पुस्तकाच्या विरुद्ध बोलायचं होतं, आणि तेही पुस्तक न वाचलेल्या माणसाने.

‘पुस्तकात चुकलंय,’ तो म्हणाला.

मग तो भडाभडा बोलत सुटला. जानी वाचायची तेव्हा तो नुसतं चित्र बघत बसायचा. त्याला तेवढंच कळायचं. पानावर मैदानाचा आराखडा होता, कुणाचा पाय कुठे ते ठिपक्यांनी दाखवलेलं. त्याने पोरींना तसंच बसवलं आणि तो डाव आठवडाभर खेळवला. दर वेळी तेच व्हायचं. धावणारीचा पाय सहावी चौकट ओलांडून पुढे गेलेला असायचा, आणि मग ती मागे हात करून खो द्यायची. असा खो चालत नाही. बसलेली उठली असती तर फाउलच झाला असता.

‘ती पोर झोपली नव्हती, बाई. तिनं नेम पाळला. तेवढ्या गोंधळात तिलाच काय ते कळत होतं.’

केणे बाईंनी कपाटातून पुस्तक काढलं आणि ते पान उघडलं. शोधावं लागलं नाही. तरुण परीक्षक वाकले, बोटाने एकेक ठिपका पाहत गेले, पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग त्यांनीच टोपण काढून पेन बाईंपुढे धरलं.

बाईंनी दाखल्यावर सही केली.

नवसूचे खांदे सैल पडले. जिल्ह्याला आपण पोरींच्या जवळ असणार, बाकी काही त्याच्या डोक्यात राहिलं नाही. दाखला दोन्ही हातांनी घेऊन तो निघाला. दारात मात्र थबकला.

‘ती पोर आता कुठं असल, ठाव हाय का तुमाला?’ त्याने विचारलं. ‘कोनीतरी तिला सांगायला पायजे.’

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता.

‘चौदा वर्षं हे पुस्तक मीच यादीत घालतेय,’ त्या म्हणाल्या. ‘आज तुम्ही सांगितलंत तिला.’