एक रात्र उघड्यावर

दुसऱ्यांच्या घरी वाढलेली थोरली मुलगी यूछिंग, आईवडिलांचा शोध घेत, पहिल्यांदाच चीनमधल्या शौक्वांगला त्यांच्या घरी आली होती. तिच्याशी काय बोलावं हे तिच्या म्हाताऱ्या वडिलांना, छू शौथिंगना, सुचेना, म्हणून ते तिला टोमॅटोचं पॉलिहाऊस दाखवायला घेऊन गेले. तिथे मात्र त्यांचं तोंड सुटलं.

“आत शेगडी नाही की काही नाही. ही मातीची भिंत दिवसभर तापते, तिच्या उबेवर रात्र काढायची. म्हणून ऊन कललं की लगेच छतावर गवताच्या चटया सोडतो. रोपांवर आणखी एक प्लास्टिक. तरी माझा जीव राहत नाही, रात्री उठून हात लावून बघतो.”

“मी तापानं फणफणले तरी उठत नाहीत,” मागून आई म्हणाली. “रोपांसाठी बरोबर जाग येते.”

यूछिंग जरा हसली. सकाळपासून तिनं दोघांनाही कुठल्याच नात्यानं हाक मारली नव्हती. वाकून तिनं एका रोपाचं पान बोटावर घेतलं.

“इतकं जपावं लागतं?”

“लागतं तर. तान्ही लेकरंच ही. असल्या थंडीत एक रात्र उघडी राहिली, तर सकाळी काही उरत नाही.”



“बाजाराच्या फाटकाशी तुम्ही मला ठेवून गेलात ना, ती रात्र याहून थंड होती,” यूछिंग म्हणाली. “मी उरले.”