रिकाम्या खुर्च्यांचा सीन

"काका, फळा पुसलात ना?" नीरजाने विचारलं.

"पुसला की," गोपाळकृष्ण आगाशे म्हणाले. खोटं नव्हतंच ते. पुसून पुढे काय केलं, हे तिने विचारलं नव्हतं.

नीरजा सिनेमा करत होती. एक एकटा माणूस जिवंतपणीच आपली शोकसभा जाहीर करतो आणि तिकडे कुणी फिरकत नाही. विनोदी आहे म्हणे! शूटिंगला कोथरूडचा हा फ्लॅट आगाशांनी फुकट दिला होता, आणि हार घालायला फोटोही स्वतःचाच. सकाळी सोसायटीच्या गेटवरच्या फळ्यावर सिनेमातल्या माणसाचं निधन लिहून शॉट झाला. मग आगाशे खाली गेले, ते नाव पुसलं आणि तिथे आपलं घातलं. काल रात्री निधन, शोकसभा दुपारी चार, फ्लॅट सात. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. आपल्यामागे कोण येतं, हे याची देही याची डोळा बघायला मिळत असेल तर कोण सोडेल?

आता चार वाजले होते. हॉलमध्ये अकरा रिकाम्या खुर्च्या, फोटो, उदबत्ती. दार सताड उघडं. कॅमेरा बेडरूमच्या आडोशाला. आगाशे स्वयंपाकघराच्या खिडकीशी, डोळे गेटवर.

आप्पासाहेब आले. फळा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, घड्याळ बघितलं आणि स्कूटर काढून चालते झाले. वीस वर्षं कमिटीत मांडीला मांडी लावून बसलेला माणूस! पाठोपाठ शेजारच्या कुसुमवहिनी. त्यांनी हात जोडले, तेही फळ्यालाच, आणि भाजीला गेल्या. चला, कळलं तरी एकदाचं, असं आगाशांनी स्वतःला म्हणून बघितलं. पण बरं काही वाटेना.

"कसल्या भारी दिसतायत खुर्च्या! एकदम लोनली," नीरजा कुजबुजली. "रोल. कुणी हलू नका."

तेवढ्यात सुहासिनीबाई आत आल्या. वरच्या मजल्यावरच्या. जिन्यात भेटल्या तर "पाणी आलं का?" एवढंच बोलणं. हातात झाकलेलं पातेलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पिठलं-भात नेऊन देतात, तसं. पण या घरात तो खाणार कोण?

"अरे देवा, फ्रेममध्ये आल्या!" नीरजा पुटपुटली. कट मात्र म्हणाली नाही.

बाईंनी पातेलं एका खुर्चीवर ठेवलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. फोटोकडे बघत राहिल्या. आगाशे आता स्वयंपाकघराच्या दाराआड उभे होते. बाईंनी रडावं, अगदी थोडंसं तरी, असं त्यांना फार वाटत होतं.

"फोटो चांगला आलाय," बाई म्हणाल्या. आवाज जरा मोठाच. "रोज साडेसहाला उतरताना तुमच्या कडीतला पेपर बघते मी. उचललेला असला की पुढे जाते. नऊ वर्षं झाली."

आगाशांनी दार आणखी बोटभर उघडलं.

"आज फळा वाचला आणि मटकन पायरीवरच बसले. मग आठवलं, सकाळी पेपर उचललेला होता." बाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. "तेव्हा या आता बाहेर, भात गार होतोय. दोघांपुरताच केलाय. त्या आत कुजबुजणाऱ्या मंडळींनी आपलं आपण बघावं."