ब्राउझर बसतो तेव्हा

“यांना उठवून बसवलं तरी आता मान धरत नाही रे. सारखं तुझंच नाव घेतात. येतोस कधी?”

मावशीचं बोलणं संपतंय न संपतंय तोच पडद्यावरून तिचा मुलगा नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर ब्राउझरही.

“बघितलंस? ऐन वेळी दगा देतो मेला!” मावशी भाचीकडे वळून म्हणाली.

भाचीचं कामच कॉम्प्युटर दुरुस्तीचं. सकाळपासून तिने सगळं करून पाहिलं होतं. साठलेला कचरा साफ केला, ब्राउझर काढून पुन्हा नव्याने घातला. एरवी तो तासन्‌तास चालायचा. बसायचा तो फक्त मुलाच्या कॉलवर. म्हणून या खेपेला ती कॅमेऱ्याआड आपला लॅपटॉप घेऊन बसली होती, मावशीच्या मशीनमध्ये काय काय घडतं त्यावर नजर ठेवून.

आता ती लॅपटॉपवरच्या काळ्या चौकटीत उमटलेल्या नोंदींच्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिली.

“व्हायरस आहे का गं?”

“नाही मावशी. मशीनमधलं लिनक्स ठणठणीत आहे.” तिने त्या ओळीवर बोट टेकवलं. “ब्राउझर आपोआप बसला नाही. कुणीतरी बाहेरून आत येऊन बंद केलाय.”

“कुणी?”

बाहेरून आत यायची सोय एकालाच होती. त्याने ती स्वतःच करून ठेवली होती, जाण्याआधी, आईला काही अडलं तर तिकडूनच दुरुस्त करता यावं म्हणून.

“चुकून हात लागला असेल,” मावशी म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. “आई, पुन्हा बसला ना गं ब्राउझर? तू नको डोकं शिणवूस. मी बघतो सवडीने.” आवाजात नेहमीची माया होती. मावशी हं हं करत राहिली. फोन ठेवल्यावर आतल्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला. ती उठली, यजमानांना कुशीवर वळवून, पाठीशी उशी लावून परत आली.

“त्याची ती सोय बंद करता येते?”

“येते.”

“कर.”

भाचीने केली. मावशीने पदराने तोंड पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःच कॉल लावला.

“अरे वा, चालू झाला?” मुलगा हसला.

“झाला. मघाशी अर्धंच राहिलं बघ. बाबांना भेटायला कधी येतोस?”

त्याची नजर खाली गेली. बटणांची टकटक ऐकू आली. ब्राउझर जागचा हलला नाही. पुन्हा टकटक, या वेळी जोरात. मावशी वाट बघत होती. भाचीने मान फिरवली.

मग मुलगा अर्धवट उघड्या तोंडाने तसाच थांबला. पापणी लवेना, ओठ हलेनात. नेट अडकल्यावर चित्र थिजतं, तसा.

त्याच्या पाठीमागे खिडकीचा पडदा फुगला, खाली बसला, पुन्हा फुगला.

मावशी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत होती.

“वारा छान सुटलाय रे तिकडे,” ती म्हणाली.